बालवाडी कुणाच्या सोयीची?

दिवाळी सरली की शहरांमध्ये बालवाडी प्रवेशाचा मोसम सुरू होतो. मूल जेमतेम अडीच वर्षांचं असतं, त्याला अजून आपली चड्डी आपण वर ओढता येत नसते, आणि घरात एकच चर्चा झडायला लागते : याला घालायचं कुठं? चर्चा सगळेच करतात. आजोबा करतात, आत्या करते, शेजारचे काका करतात. बाबा कचेरीतून फोन करून सांगतात की आमच्या साहेबांचा नातू अमुक शाळेत जातो. पण फॉर्म भरायला रात्री बारापर्यंत जागते ती आई. जन्मदाखल्याच्या प्रती काढते ती आई. रजा टाकून शाळेच्या दारात ताटकळते तीही आई. पुढं मूल रडलं, आजारी पडलं, अक्षर गिरवेनासं झालं, की 'शाळा तूच पसंत केली होतीस ना?' हेही तिनंच ऐकायचं.

म्हणजे ठरवतात सगळे, आणि दोष मात्र एकटीचा. घरातल्या इतर कामांची जी तऱ्हा, तीच याही कामाची.

म्हणूनच हा विषय 'बालसंगोपन' नावाच्या सदरात टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. मला इथं एकच गोष्ट मांडायची आहे. लहान मुलाची गरज काय, त्याच्या आईची गरज काय आणि बालवाडीतल्या बाईची गरज काय, हे तीन प्रश्न वेगवेगळे नाहीत. ते तोडून विचारले की तिन्हींची उत्तरं चुकतात. आणि त्या चुकीच्या उत्तरांवर दुसरंच कुणीतरी आपला गल्ला भरतं.

भीतीचा बाजार

या गल्ल्यावर विकली जाणारी मुख्य वस्तू शिक्षण नव्हे, भीती आहे. 'आत्ता नाही तर कधीच नाही.' 'मेंदूची वाढ पहिल्या सहा वर्षांतच होते.' 'शेजारच्या मुलीला शंभरापर्यंत आकडे येतात.' पहिल्या सहा वर्षांत मेंदूची वाढ फार झपाट्यानं होते, हे खरंच आहे. पण त्याचा अर्थ त्या सहा वर्षांत मुलाला शाळेच्या बाकाला जखडावं असा होत नाही. झाड रोप असताना जोमानं वाढतं, म्हणून कुणी त्याला ओढून लांब करत नाही.

ही भीती विकत घेणारी बहुतेक वेळा आई असते, कारण तिच्या मनात अपराधीपणा आधीच पेरून ठेवलेला असतो. ती नोकरी करत असेल तर मुलाला वेळ देत नाही म्हणून अपराधी, घरी असेल तर त्याला 'घडवत' नाही म्हणून अपराधी. रंगवलेल्या भिंती, कार्टूनची चित्रं, गणवेश, वर्षाअखेरीला पदवीदानाचा काळा झगा, हे सगळं या अपराधीपणावरचं मलम म्हणून विकलं जातं. तीन वर्षांच्या मुलाला पदवीच्या झग्याची काय गरज? गरज आहे ती फोटोची. तो फोटो नातेवाइकांना गेला की आई आपल्या कर्तव्यात पास झाली.

आणि मुलाखती! महाराष्ट्रात बालवाडीच्या प्रवेशासाठी मुलांच्या आणि पालकांच्या मुलाखती घेऊ नयेत यासाठी 1996 साली कायदा झाला. त्यालाही आता पाव शतकाहून जास्त काळ लोटला. तरीही 'मुलाखत' हा शब्द टाळून 'ओळख', 'संवाद', 'भेट' अशा गोड नावांनी तोच प्रकार चालू असल्याचं वस्त्यांतल्या आणि सोसायट्यांतल्याही बायका सांगतात. आईला विचारतात, शिक्षण किती? घरी इंग्रजी बोलता का? नोकरी करता, तर मुलाकडं कोण बघतं? हा शेवटचा प्रश्न वडिलांना विचारल्याचं एकीनंही मला सांगितलेलं नाही. एकट्या आईला तर याहून पुढचे प्रश्न असतात. वडिलांची सही कुठं आहे, ते का आले नाहीत, असं भर खोलीत विचारलं जातं. परित्यक्ता बाईला आपल्या तीन वर्षांच्या लेकरादेखत आपल्या संसाराचा हिशोब का द्यावा लागावा?

मुलाला काय हवं असतं?

आता मुलाकडं वळू. कारण या सगळ्या गोंधळात विसरलं जातं ते मूलच.

तीन वर्षांच्या मुलाला आधी हवं असतं एक ओळखीचं मोठं माणूस. रडू आलं की ज्याच्या मांडीत शिरता येईल, शी-शू झाली तर जे रागावणार नाही, आणि रोज तेच असेल असं माणूस. दर दोन महिन्यांनी बाई बदलत असेल, तर भिंतीवर कितीही ससे रंगवलेले असोत, ते मूल रोज नव्यानं परकं होतं.

मग त्याला हवी असते हालचाल. धावणं, चढणं, उडी मारणं, पाणी ओतणं, माती कालवणं. त्याच्या मनगटाची आणि बोटांची हाडं अजून पक्की झालेली नसतात. त्याला पेन्सिल धरायला लावून पानभर 'अ' किंवा 'ए' गिरवून घेणं म्हणजे त्या बोटांवर जुलूम आहे. तीच बोटं कणीक मळतील, मणी ओवतील, शेंगा सोलतील, वाळूत रेघा ओढतील, तर पुढं लिहिण्यासाठी आपोआप तयार होतील. वाटाणे सोलणं हा अभ्यास आहे, हे आपल्या आज्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

आणि त्याला हवी असते त्याची भाषा. घरी ज्या भाषेत भूक लागते, राग येतो, स्वप्न पडतं, ती भाषा. मूल याच वयात प्रश्न विचारायला शिकतं. 'पाऊस कुठून येतो', 'मुंगी कुठं चालली', 'बाबा का रडत नाहीत' असे प्रश्न त्याला परक्या भाषेत विचारताच येत नाहीत. मग ते विचारणं सोडून देतं.

हे काही माझे शोध नव्हेत. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला आणि 1926 पासून नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून हेच सांगितलं आणि करून दाखवलं. आता सरकारी कागदही तेच बोलतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळावर भर दिला. तरीही साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात पाच वह्या असतातच. कारण वहीत लाल पेनानं 'छान' लिहिलेलं दिसलं की फी वसूल झाल्यासारखी वाटते. खेळाची पावती मिळत नाही.

'तुमची मुलं कुठं जातात हो ताई?'

वस्तीत बैठकीला बसलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो यायलाच हवा. अंगणवाडी चांगली, मातृभाषा चांगली, असं सांगणाऱ्या आम्हा शिकलेल्या बायकांची मुलं कुठं असतात? बहुतेकींची इंग्रजी शाळेत. मग धुणंभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, बांधकामावर जाणाऱ्या मैत्रिणीला मातृभाषेचं महत्त्व आम्ही कुठल्या तोंडानं सांगायचं?

तिचं इंग्रजीचं स्वप्न हे खूळ नव्हे. जातीनं आणि गरिबीनं ज्या दारांबाहेर तिला उभं केलं, त्या दारांची किल्ली इंग्रजी आहे, हे ती रोज डोळ्यांनी बघते. ज्या घरात ती फरशी पुसते, त्या घरातलं मूल इंग्रजीत बोलतं. आपलं लेकरू त्या मुलाच्या बरोबरीनं उभं राहावं असं तिला वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

माझं भांडण तिच्याशी नाही. माझं भांडण आहे तिला फसवणाऱ्याशी. दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याखाली, चाळीस मुलं आणि एक बाई. त्या बाईला स्वतःला इंग्रजीत दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत. दोष तिचा नाही, तिला ते कुणी शिकवलेलंच नाही. मुलं एका सुरात फळांची नावं घोकतात, 'सिट डाऊन' म्हटलं की बसतात आणि 'स्टॅन्ड अप' म्हटलं की उठतात. बाहेर पाटी मात्र इंग्लिश मीडियमची. अशा ठिकाणी मूल इंग्रजी शिकत नाही. ते शिकतं गप्प बसायला. आणि त्यासाठी आई तिच्या चार कामांतल्या एका कामाचा अख्खा पगार मोजते.

इंग्रजी प्रत्येक मुलाला मिळायलाच हवं, चांगलं मिळायला हवं, आणि सरकारी शाळेत फुकट मिळायला हवं, ही आपली मागणी असली पाहिजे. पण साडेतीन वर्षांच्या मुलाच्या तोंडून त्याची बोली काढून घेऊन ते मिळत नाही. आधी आपल्या भाषेत भरभरून बोललेलं मूल दुसरी भाषा जास्त पक्की उचलतं. हे जसं वस्तीतल्या आईला सांगायचं, तसंच सोसायटीतल्या आईलाही सांगायचं. एकीला उपदेश आणि दुसरीला सूट, असं चालणार नाही.

साडेअकराला सुटणारी शाळा

आता वेळेचं बघू. नऊ वाजता भरणारी आणि साडेअकराला सुटणारी बालवाडी कुणाच्या सोयीसाठी असते? तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : दुपारी घरी कुणीतरी बाई मोकळी आहे. आई, आजी, नाहीतर पगारी बाई. ही बाई नसेल तर?

तर मोठी बहीण. कामाच्या निमित्तानं मी ज्या वस्त्यांत जाते, तिथं हे पुन्हा पुन्हा दिसतं. धाकट्याच्या नर्सरीची फी भरलेली असते, बूटमोजे घेतलेले असतात, आणि साडेअकराला त्याला आणायला दहा-अकरा वर्षांची ताई आपली शाळा बुडवून उभी असते. महिन्यातून आठ दिवस, मग पंधरा दिवस, मग नावच काढलं जातं. विचारलं तर उत्तर मिळतं, 'तिला अभ्यासाची आवड नाही.' एका मुलाच्या शिक्षणाची सुरुवात होते आणि त्याच घरातल्या मुलीच्या शिक्षणाचा शेवट. शाळा सोडलेल्या मुलींची कारणं शोधणाऱ्यांनी कधी धाकट्या भावंडांच्या शाळेच्या घंटेकडंही बघावं.

ही गोष्ट आपल्याच महाराष्ट्रात फार पूर्वी ओळखली गेली होती. 1945 साली ताराबाई मोडक आणि त्यांच्याबरोबर अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा गरीब घरांतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात. त्यांनी मुलांना किंवा आयांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढं कोसबाडच्या टेकडीवर काम गेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, म्हणून शाळा कुरणात नेली. मोठ्या मुली भावंडं सांभाळतात म्हणून शाळेत येत नाहीत, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. कडेवरचं बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई आपल्या वर्गात. बांधकामांवरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठी 1969 साली दिल्लीत मोबाइल क्रेशेसनं काम सुरू केलं, पुढं ते मुंबईतही आलं. तेही याच विचारानं : आईच्या कामाची वेळ तीच मुलाच्या सांभाळाची वेळ.

म्हणजे उत्तर माहीत नाही असं नाही. ते पुरवायची इच्छा नाही. कारखाना कायद्यात तीसहून जास्त स्त्री-कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, तर मालक बायका घेतानाच तीसच्या आत राहण्याचा हिशोब मांडायला लागले. 2017 साली प्रसूती लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद आली. यात नुसत्या बायका मोजायच्या नाहीत, सगळे कर्मचारी मोजायचे, ही चांगली गोष्ट झाली. पण घरकामगार मैत्रिणीनं काय करायचं? तिचे मालक चार, आणि चारही स्वयंपाकघरं वेगळी. शेतमजुरणीनं कुठल्या आस्थापनेकडं जायचं? 2022 साली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची 'पाळणा' योजना सरकारनं आणली. ती आपल्या वस्तीत आली आहे का, नसेल तर का नाही, हे नगरसेवकाला आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना विचारायला नको का?

बाईचा पगार विचारा

आता तिसरी बाई. मुलाला ओळखीचं, शांत, हसतमुख माणूस हवं असं मी वर म्हटलं. ते माणूस कसं शांत राहणार?

मोठमोठ्या फिया घेणाऱ्या खासगी बालवाड्यांत शिकवणाऱ्या बाईच्या हातात काय पडतं, हे एकदा विचारून बघा. पुष्कळदा शाळेत मुलं सोडणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरपेक्षा कमी. 'अर्ध्या दिवसाचंच तर काम, आणि बायकांना मुलांची आवड असतेच' असं म्हटलं की पगाराचा प्रश्न मिटतो. बाईच्या मायेला बाजारात किंमत नाही. पण ती माया विकून मालकाला मात्र किंमत मिळते.

सरकारही यात मागं नाही. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडी सेविका 'मानसेवी' आहे. तिला मिळतो तो पगार नव्हे, मानधन. केंद्रानं 2018 साली सेविकेसाठी ठरवलेली रक्कम महिना 4500 रुपये, मदतनिसेसाठी 2250. त्यावर राज्य आपली भर घालतं. या पैशात तिनं मुलांना शिकवायचं, खाऊ घालायचं, वजनं घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, लसीकरणाला माणसं जमवायची, मोबाइलवर माहिती भरायची आणि कुठल्याही खात्यानं हाक मारली की सर्वेक्षणाला धावायचं. उरलेल्या वेळात गाणी-गोष्टी. मग आपण म्हणतो, 'अंगणवाडीत काही शिकवत नाहीत, नुसती खिचडी देतात.'

2022 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. 4 डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांनी मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शनसाठी बेमुदत संप केला, तो पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. त्या संपाच्या काळात 'मुलांचे हाल होतात' असं ओरडणारे पुष्कळ होते. त्या सेविकांच्या स्वतःच्या मुलांचे हाल वर्षानुवर्षं कुणाला दिसले नव्हते. त्या मोर्चात आपल्यापैकी किती जणी, केवळ आई म्हणून, सामील झालो?

जाऊन काय बघायचं?

'हे सगळं खरं, पण माझं मूल जूनमध्ये तीन वर्षांचं होतंय, मी काय करू?' असं कुणी विचारील. रास्त आहे. चळवळीला वेळ लागतो, मूल थांबत नाही. तर एवढं करा.

शाळा बघायला जाल तेव्हा कार्यालयात बसू नका. शाळा चालू असताना जा आणि वर्गाच्या दाराशी दहा मिनिटं उभ्या राहा. दाराशी उभंच राहू देत नसतील, तर तिथंच उत्तर मिळालं. बाई खुर्चीवर आहे की मुलांबरोबर खाली बसली आहे? आवाज कुणाचा जास्त येतो, बाईचा की मुलांचा? मुलांचा गलबला असेल तर घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. रडणारं मूल कुठं आहे, कोपऱ्यात की कडेवर? संडास बघा, त्यात पाणी आहे का बघा, तीन वर्षांच्या मुलाला एकट्यानं बसता येईल एवढा तो लहान आहे का बघा. वर्गात माती, पाणी, ठोकळे आहेत की नुसते तक्ते? भातुकली मुलींच्या बाजूला आणि मोटारी मुलग्यांच्या बाजूला, अशी वाटणी इथंही झालीय का? मुलगा बाहुलीला झोपवत असेल तर बाई हसते का?

मग विचारा. एका बाईमागं मुलं किती? ही बाई इथं किती वर्षं आहे? तिला पगार किती, आजारी पडली तर रजा मिळते का? हा प्रश्न विचारताना संकोच वाटेल. वाटू दे. भाजी घेताना आपण चार प्रश्न विचारतो, इथं तर लेकरू सोपवायचं आहे. घरापासून पाच मिनिटांच्या अंतरावरची साधी, मोकळी, हसरी बालवाडी तासभर गाडीत कोंबून न्याव्या लागणाऱ्या नामांकित शाळेपेक्षा शंभर पटीनं चांगली. आणि जवळची अंगणवाडी न बघताच तिला नापास करू नका. तिथली सेविका चांगली असेल तर मूल घाला, आणि नसेल तर ती तशी का, हे तिलाच विचारा. ती सांगेल.

शाळा बघायला एकट्या जाऊ नका. मुलाच्या बाबाला न्या, आणि संडास बघायचं काम त्याच्याकडं द्या. दाराशी येणारे फोन, आणणं-नेणं, डबा, याची वाटणी प्रवेशाच्या आधी कागदावर करा.

पण एवढं करूनही लक्षात ठेवायला हवं की ही निवड करण्याची ऐपत मूठभर बायकांना आहे. शिक्षणहक्क कायदा 2009 साली आला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी घटनेच्या 45 व्या कलमात राज्यानं 'प्रयत्न करावा' एवढंच आहे, हक्क नाही. म्हणजे ज्या वयात सगळ्यात जास्त गरज, त्याच वयात मूल पुन्हा आईच्या पदरात आणि बाजाराच्या दारात. तीन वर्षांच्या प्रत्येक मुलाला चालत जाता येईल अशी, आईच्या कामाच्या वेळेत चालणारी, पोटभर खाऊ घालणारी, त्याच्या भाषेत बोलणारी बालवाडी फुकट मिळाली पाहिजे, आणि तिथल्या बाईला मानधन नव्हे तर पगार मिळाला पाहिजे. ही मागणी आजवर सेविकांच्या संघटना एकट्याच करत आल्या. ती आता बचत गटांच्या बैठकीत, महिला मंडळांत, कामगार संघटनांत आणि सोसायट्यांच्या सभांत यायला हवी.

येत्या ग्रामसभेत, येत्या वॉर्ड सभेत हा एकच विषय घेऊन जा. मुलं कडेवर घेऊन जा. त्यांच्या गलबल्यात सभा चालवणं किती अवघड असतं, हे तिथल्या पुरुषांनाही कळू दे.